शंका वर्कशॉपच्या : लेथ, ड्रिल आणि पावसाळा

या वेळच्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांचा शेवट एकाच प्रश्नाने झाला आहे : ‘कोणते टूल विकत घेऊ?’ खाली आलेल्या नऊ शंकांपैकी तीनच ठिकाणी खरेदी लागली. बाकी ठिकाणी दोष जागेवरच सापडतो. चिप (धातूचा कीस) कशी निघते, जॉबचे (कापायच्या वस्तूचे) कोणते टोक जाड राहिले, टूल कुठे निळे पडले, एवढे नीट पाहिले की पुरे.

लिलावातून चार फुटी लेथ घेतला. त्यावर १ एचपीची थ्री फेज मोटार आहे आणि घरी सिंगल फेज आहे. मोटार बदलू, की काँडेन्सर लावून चालवू? – एक वाचक, सांगली

दोन्ही नको. मोटार आहे तीच ठेवा आणि सिंगल फेज २३० व्होल्ट घेऊन थ्री फेज २३० व्होल्ट देणारा व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावा. काँडेन्सर लावून मोटार फिरते हे खरे, पण तिन्ही फेज सारखे मिळत नाहीत. ताकद जेमतेम दोन-तृतीयांश उरते, मोटार गुणगुणते आणि तापते. पंपाला एकवेळ चालून जाते. लेथवर मात्र कटच्या मध्येच दम तुटतो. सिंगल फेज मोटार घेतली, तर तेवढ्याच एचपीला तिची फ्रेम बहुधा मोठी निघते. शाफ्टची उंची आणि जाडी जुळत नाही, म्हणून पुली नवी करा, बैठक नवी करा असे काम वाढत जाते.

आधी मोटारीची पाटी वाचा. आपल्याकडे ३ एचपीपर्यंतच्या मोटारी बहुतेक ‘४१५ व्होल्ट, स्टार’ असतात. अशा मोटारीचे प्रत्येक वाइंडिंग प्रत्यक्षात २४० व्होल्टचेच असते. तीच मोटार डेल्टामध्ये जोडली की २४० व्होल्टवर पुरी ताकद देते. टर्मिनल बॉक्स उघडा. सहा बोल्ट असतील आणि वरच्या तिन्हींवर एक आडवी पट्टी असेल, तर ते स्टार. ही पट्टी काढून तीन उभ्या पट्ट्यांनी वरचा एकेक बोल्ट त्याच्या खालच्याशी जोडला की डेल्टा. पट्ट्या हलवल्यावर प्रवाह वाढतो. स्टारमध्ये १.९ अँपिअर घेणारी मोटार डेल्टात सुमारे ३.३ अँपिअर घेईल. व्हीएफडीत हाच आकडा भरायचा. पाटीवरचा जुना आकडा भरला तर जरा जोर आला की यंत्र ट्रिप होते आणि दोष नव्या व्हीएफडीवर येतो.

बॉक्समध्ये तीनच वायरी आल्या असतील, तर स्टारची गाठ आत वाइंडिंगमध्येच मारलेली आहे. कोणताही अनुभवी वाइंडिंगवाला ती सोडवून सहा टोके बाहेर काढून देतो. मोटार पुन्हा भरायची गरज नसते, तसे कुणी सांगितले तर दुसरीकडे विचारा. पाटीवर ‘४१५ व्होल्ट, डेल्टा’ असेल, तर ही युक्ती चालणार नाही.

१ एचपीसाठी ०.७५ किलोवॅटचा व्हीएफडी पुरतो, १.५ किलोवॅटचा घेतला तर तो कमी तापतो. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि खात्रीचे अर्थिंग द्या. लेथवरचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स ड्रम स्विच मोटार आणि व्हीएफडी यांच्यामध्ये ठेवायचा नाही. चालू असताना तिथे वायर तुटली की व्हीएफडीचे आउटपुट जळते. तोच स्विच व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला जोडा, दांडा जुनाच राहील. वेग घेण्याचा काळ २ ते ३ सेकंद आणि थांबण्याचा ४ ते ५ सेकंद ठेवा. तुमचा चक (जॉब पकडून फिरवणारा जबडा) आट्यांवर बसणारा असेल, तर झटक्याने थांबवणे किंवा उलटे फिरवणे म्हणजे चक सुटून अंगावर येणे.

एक गैरसमज मात्र काढून टाका. व्हीएफडी आला म्हणून बेल्ट बदलायचा कंटाळा करू नये. २५ हर्ट्झवर मोटारीचा पीळ तेवढाच राहतो, पण ताकद निम्मी होते, शिवाय पंखाही निम्म्या वेगाने फिरतो. मोठा व्यास, जड कट असेल तेव्हा बेल्ट लहान वेगाच्या पुलीवर टाका आणि व्हीएफडीचा नॉब ५० हर्ट्झच्या आसपास ठेवा. नॉब आहे तो बारीक फरकासाठी. बंद केल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असतात, दहा मिनिटांच्या आत झाकण उघडू नये.

२० मिमीचा एमएस (साध्या पोलादाचा) बार चकच्या बाहेर १२० मिमी ठेवून टर्निंग केले. बाहेरचे टोक ०.१२ मिमीने जाड येते. लेथ वाकडा आहे का? – एक वाचक, नाशिक

लेथवर संशय घेण्याआधी बारवर घ्या. बाहेरचे टोक जाड येत असेल, तर बहुतेक वेळा बार टूलपासून लांब सरतो आहे. नुसत्या चकमध्ये धरलेला बार व्यासाच्या तीन ते चार पटीपर्यंतच बाहेर ठेवावा, तुमचा सहा पट आहे. बाहेर काढलेली लांबी दुप्पट केली की तेवढ्याच जोराला बार आठपट वाकतो. व्यास निम्मा केला तर सोळापट. या दोन आकड्यांपुढे महागडी कार्बाइडची टिपही काही करू शकत नाही.

खात्री अशी करा. क्रॉस स्लाइडला (टूल आत-बाहेर नेणाऱ्या भागाला) हात न लावता, त्याच आकड्यावर टूल पुन्हा एकदा पूर्ण लांबीभर फिरवा. टोकाकडे बारीक कीस निघाला आणि चकजवळ काहीच निघाला नाही, तर बार वाकत होता. टोकाला सेंटर ड्रिल मारून टेलस्टॉकमधल्या (चकसमोरच्या आधारातल्या) रिव्हॉल्व्हिंग सेंटरचा आधार द्या. टूलच्या नाकाची गोलाई कमी करा, मोठी गोलाई जॉबला मागे ढकलते. शेवटचा कट धारदार एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने घ्या. टिपेच्या टूलला ०.०५ मिमीचा कट दिला, तर अनेक टिपा कापण्याऐवजी घासतच जातात. त्यांची धार मुळातच किंचित बोथट ठेवलेली असते.

दोष लेथमध्येच आहे का, हे पाहायचे असेल तेव्हा दोन कॉलरची चाचणी घ्या. ४० मिमीचा जाड बार चकच्या बाहेर ११० मिमी ठेवा. चकजवळ एक आणि टोकाला एक अशा १० मिमी रुंदीच्या दोन कॉलर सोडून मधला भाग १ मिमीने खाली घ्या. आता एकाच आकड्यावर, टूल मागे न घेता, ०.१ मिमीचा हलका कट दोन्ही कॉलरवरून काढा आणि मायक्रोमीटरने मोजा. व्हर्नियरचा लघुत्तम माप ०.०२ मिमी असते आणि इथे शोधायचा फरकच तेवढा आहे, म्हणून व्हर्नियर नको.

बाहेरची कॉलर जाड आली, तर टेलस्टॉककडचा पुढचा पाय, म्हणजे तुमच्या बाजूचा, किंचित उचला. बारीक आली, तर टेलस्टॉककडचा मागचा पाय उचला. बेडला पीळ पडलेला असतो तो असा उलट्या पिळाने काढायचा. पॅकिंगला थंड पेयाच्या कॅनचा पत्रा चांगला, साधारण ०.१ मिमी जाड असतो. प्रत्येक पत्र्यानंतर बोल्ट आवळा, पुन्हा कट घ्या, पुन्हा मोजा. स्पिरिट लेव्हलच्या नादी लागू नका. लेथ पाण्याच्या पातळीत असायलाच हवा असे नाही, त्याला पीळ नसला म्हणजे झाले.

दोन सेंटरमध्ये धरलेल्या जॉबचा हिशेब निराळा. तिथे टेलस्टॉक सरकवतात. टेलस्टॉककडचे टोक जाड असेल, तर टेलस्टॉक आपल्याकडे घ्यायचा, तोही फरकाच्या निम्माच. व्यास मोजतो आपण, सरकतो मात्र अक्ष.

पार्टिंग करताना (बार कापून वेगळा करताना) टूल थरथरते, मध्येच रुतते आणि मोडते. २५ मिमीचा एमएस बार, २ मिमीचे एचएसएस ब्लेड. – एक वाचक, भोसरी

रुतण्याचे मूळ ढिलाईत असते आणि थरथरण्याचे बहुधा भीतीत. भीतीने हात सावकाश चालतो, ब्लेड कापायचे सोडून घासू लागते. घासले की आवाज येतो, आवाज आला की हात आणखी सावकाश. हे चक्र तोडायचे असेल, तर आधी ढिलाई काढा, म्हणजे हातात धीर येतो.

कंपाउंड स्लाइडची जिब पट्टी हलणार नाही इतकी आवळा, क्रॉस स्लाइडची जेमतेम फिरेल इतकी. कॅरेज (टूल वाहणारा भाग) बेडवर लॉक करा. ब्लेड बारच्या निम्म्या व्यासापेक्षा दोन मिलिमीटरच जास्त बाहेर, इथे १५ मिमी. कटाची जागा चकपासून ८ ते १० मिमीवर आणा. ब्लेड बारला काटकोनात आहे हे चकच्या सपाट तोंडाला टेकवून पाहा, नजरेचा अंदाज इथे चुकतो.

उंची अचूक सेंटरला हवी. बार आणि टूलचे टोक यांच्यामध्ये पातळ पोलादी पट्टी उभी अडकवून पाहा. पट्टीचे वरचे टोक तुमच्याकडे झुकले तर टूल खाली आहे, पलीकडे झुकले तर वर. उभी राहिली तर बरोबर. खाली असलेले ब्लेड जॉबच्या पोटाखाली ओढले जाते, आणि मोडण्याचे हे एक ठरलेले कारण आहे.

वेग २०० आरपीएमच्या आत ठेवा. एकदा ब्लेड लागले की एकसारखे आत न्या, एका फेऱ्याला ०.०३ ते ०.०५ मिमी. चिप घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळत बाहेर आली पाहिजे. भुकटी पडत असेल, तर हात अजून घाबरतो आहे. कटिंग ऑइल ब्रशने सतत द्या. ८ मिमी खोल गेल्यावर ब्लेड बाहेर काढून अर्धा मिलिमीटर बाजूला घ्या आणि खाच रुंद करून पुन्हा मधून जा. चिप अडकायला जागा उरत नाही.

टेलस्टॉकच्या सेंटरचा आधार देऊन पूर्ण पार्टिंग कधीही करू नका. शेवटी दोन्ही तुकडे ब्लेडला चिमटा काढतात. ५ मिमी उरले की लेथ थांबवून हाताच्या करवतीने तोडा, त्यात कमीपणा नाही.

स्टेनलेसच्या ४ मिमी पट्टीत १० मिमीची भोके पाडायची आहेत. तीन ड्रिल जळाले. कोबाल्ट ड्रिल घ्यावे का? – एक वाचक, ठाणे

घ्या, पण हँडड्रिलच्या वेगाने कोबाल्टही जळेल. स्टेनलेसला कापण्याचा वेग मिनिटाला १० ते १२ मीटर. वेगाला ३१८ ने गुणून व्यासाने भागले की आरपीएम मिळतो. १० मिमी ड्रिलला तो ३८० च्या पुढे नको. साधे हँडड्रिल २,५०० च्या वर फिरते. हाच हिशेब एमएसला २५ मीटर धरून केला तर त्याच ड्रिलला ८०० आरपीएम येतो, म्हणून जे एमएसमध्ये निभावते ते इथे निभावत नाही.

दुसरी चूक कमी दाबाची. स्टेनलेस घासले की जागेवरच कडक होते. ड्रिल फिरते पण चिप निघत नाही अशी दोन सेकंदेही गेली, तर खाली आरशासारखी चकचकीत कडक चकती तयार होते. पंच हलका मारा, खोल पंचानेही ती जागा कडक होते. ३ मिमीचे पायलट, मग थेट १० मिमी. दाब भरपूर द्या, चिप सतत निघू द्या, तेल द्या, आणि थांबायचे असेल तर ड्रिल आधी वर उचला. चकती झालीच असेल, तर पट्टी उलटून दुसऱ्या बाजूने या. बाजारात रेलिंगसाठी मिळणारे २०२ ग्रेडचे स्टेनलेस ३०४ पेक्षाही लवकर कडक होते. चुंबक दोन्हींना चिकटत नाही, म्हणून चुंबकाने ते ओळखू येणार नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या कव्हरमध्ये एम-६ चा टॅप (आटे पाडायचे हत्यार) तुटून अडकला आहे. कव्हर पुन्हा मिळणार नाही. – एक वाचक, कोल्हापूर

उपाय किराणा दुकानात मिळतो : तुरटी. गरम तुरटीचे पाणी पोलाद हळूहळू खाऊन टाकते आणि अ‍ॅल्युमिनियमला फारसे लावून घेत नाही. घड्याळजी पितळी प्लेटमधला तुटलेला स्क्रू याच पद्धतीने काढत आले आहेत.

कव्हरवरचे पोलादी स्टड, पिन, बेअरिंग सगळे आधी काढा, नाही तर तेही जातील. भोकातले तेल पेट्रोल किंवा थिनरने धुऊन पूर्ण सुकवा. एक लिटर पाण्यात १५० ग्रॅम तुरटीची पूड विरघळवा. भांडे काचेचे किंवा चिनी मातीचे, लोखंडी अजिबात नको. कव्हर असे ठेवा की भोकाचे तोंड वर राहील आणि बुडबुडे निघून जातील. पाणी उकळू न देता चांगले गरम ठेवा, आटले की भर घाला. टॅपवरून बारीक बुडबुडे येऊ लागले म्हणजे काम सुरू झाले. तो हायड्रोजन असतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा. गॅसच्या ज्योतीऐवजी विजेची शेगडी वापरा. साध्या कार्बन स्टीलचा टॅप काही तासांत भुसभुशीत होतो, एचएसएसचा दोन दिवसही घेतो. मधूनमधून सुईने काळा गाळ काढत राहा. अ‍ॅल्युमिनियमचा रंग किंचित राखाडी पडेल, आटे मात्र शाबूत राहतात. कव्हर बिडाचे किंवा पोलादी असते, तर हा उपाय चालला नसता.

टॅप का तुटला तेही पाहा. पत्रात ४.८ मिमीचे ड्रिल लिहिले आहे, ते बारीक पडले. साधा नियम : आट्याच्या बाहेरच्या व्यासातून पिच (दोन आट्यांमधले अंतर) वजा करा. एम-६ ची पिच १, म्हणून ५ मिमी. एम-५ ला ४.२, एम-८ ला ६.८, एम-१० ला ८.५. या मापाने आट्याची खोली सुमारे ७७ टक्के भरते. स्टेनलेससारख्या चिवट धातूत हाताने टॅप मारायचा असेल, तर एम-६ ला ५.२ घ्या, आटा ६२ टक्के भरतो. बोल्ट त्याने घसरत नाही, टॅप मात्र वाचतो.

अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल हे अजूनही सगळ्यात चांगले कटिंग ऑइल. पोलादाला खोबरेल तेलही चालते, पण पुसून काढा, कारण महिनाभरात ते चिकट होते. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. बंद भोकात दर तीन-चार फेऱ्यांनी टॅप पूर्ण बाहेर काढून चिप झटका. हँडल जड लागले म्हणून जोर लावायचा नसतो. टॅप तिथेच सांगत असतो की खाली चिप दाबली गेली आहे.

पितळी पट्टीत ड्रिल बाहेर पडताना जॉब ओढून घेते आणि भिरकावते. पातळ पत्र्यात भोक तिकोनी येते. – एक वाचक, डोंबिवली

पितळाला ड्रिलची धार जास्तच तीक्ष्ण पडते, स्क्रूसारखी ती आत शिरत जाते. बारीक ऑइल स्टोनने दोन्ही ओठांच्या पुढच्या बाजूला, ड्रिलच्या अक्षाला समांतर, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची सपाट पट्टी काढा. ओढणे थांबेल. असे ड्रिल वेगळे ठेवा, पोलादाला ते चालत नाही.

पत्र्यात ड्रिलचे टोक पलीकडे गेले तरी ओठ अजून आत आलेले नसतात. मग ड्रिलला मध्य उरत नाही आणि ते डोलते. पत्रा दोन प्लायवुडच्या तुकड्यांमध्ये दाबून पाडा, किंवा स्टेप ड्रिल घ्या. ही या वेळची तिसरी खरेदी, आणि पत्र्याचे काम करणाऱ्याने ती करावीच. प्लायवुड हाताशी नसेल, तर सुती फडक्याची चार पदरी घडी भोकाच्या जागी ठेवून तिच्यातून ड्रिल दाबले तरी भोक गोल येते. फडके चकात गुंडाळले जाणार नाही इतके लहान घ्या. जॉब हाताने मात्र धरायचा नाही, क्लॅम्प करायचा. आणि ड्रिलवर हातमोजे घालून उभे राहू नका.

एचएसएस टूल ग्राइंड करताना निळे पडले. फुकट गेले का? – एक वाचक, पुणे

नाही. एचएसएस ५५० अंशांच्या आसपासपर्यंत कडकपणा टिकवून धरते. निळा रंग त्याच्या खूप आधी, ३०० अंशांच्या सुमारास येतो. छिन्नी, पंच, रंध्याचे पाते यांचे कार्बन स्टील निळे पडले तर मात्र ती जागा मऊ झाली, तेवढा भाग घासून काढावा लागेल. एचएसएसचा धोका उलटा आहे. लालसर तापलेले टूल पाण्यात बुडवले की धारेवर केसासारख्या भेगा पडतात. एकतर वारंवार बुडवून थंडच ठेवा, नाही तर हवेत निवू द्या. चाक पांढरे घ्या. हिरवे कार्बाइडसाठी असते. अ‍ॅल्युमिनियम कोणत्याच चाकावर लावू नका, छिद्रे भरतात, चाक तापते आणि फुटू शकते. टूल रेस्ट आणि चाक यांत २ ते ३ मिमीपेक्षा जास्त फट नसावी.

अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगला ६२०२ बेअरिंगसाठी ३५ मिमीचा बोअर नेमका ३५.०० केला. दुसऱ्या दिवशी बेअरिंग शिरेना. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

मोजले तेव्हा हाउसिंग गरम होते. अ‍ॅल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन फुगते. खोलीपेक्षा २५ अंश जास्त तापलेला ३५ मिमीचा बोअर ०.०२ मिमीने मोठा दिसतो. निवल्यावर तो ३४.९८ झाला. शेवटचा कट घेण्याआधी जॉब हाताला गार लागेपर्यंत थांबा.

आता मात्र बोअर करू नका, ३४.९८ हे माप अ‍ॅल्युमिनियमला वाईट नाही. हाउसिंग ओव्हनमध्ये १०० ते ११० अंशांपर्यंत तापवा. बोअर ०.०६ मिमीच्या वर उघडतो आणि बेअरिंग हाताने खाली पडते. हातोडी लागलीच, तर ठोका बाहेरच्या रिंगवरच द्या. आतल्या रिंगवर मारलेला ठोका गोळ्यांमधून जातो आणि खाचा पाडतो, मग बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरते.

पावसाळ्यात लेथचा बेड रोज सकाळी तांबूस होतो. तेल लावूनही. वर प्लॅस्टिकचे कव्हर आहे. – एक वाचक, रत्नागिरी

कव्हरच गंज चढवते आहे. रात्री बीड थंड होते आणि सकाळी बाहेरची दमट, उबदार हवा आत आली की त्यावर दव धरते. प्लॅस्टिकखाली ते उडून जायला वाट नसते. जाड सुती चादर घाला आणि तिच्याखाली, बेडच्या पायथ्याशी, जाळीत बसवलेला ४० वॅटचा साधा बल्ब रात्रभर ठेवा. चादर त्याला टेकणार नाही हे पाहा. एलईडी चालणार नाही, इथे उजेड नको, ऊब हवी आहे. यंत्र हवेपेक्षा दोन-तीन अंश गरम राहिले तरी दव धरत नाही.

तेल म्हणजे पातळ फवारा असेल, तर तो काही दिवसांत उडतो. स्लाइडवेचे ६८ ग्रेडचे तेल कापडाने चोळा. इंजिनचे काढलेले काळे तेल नको, त्यात आम्ल असते. घर महिनाभर बंद राहणार असेल तर ग्रीस.

आणि खोलीत नीट पाहा, फरशी धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली कुठे आहे का. झाकण घट्ट वाटले तरी त्यातून वाफ सुटते आणि ती दहा फुटांवरचे लोखंड लाल करते. सोल्डरिंगचे झिंक क्लोराइडही तसलेच. या दोन वस्तू वर्कशॉपबाहेर गेल्या की बऱ्याच जणांचा निम्मा गंज थांबतो.

बेडवर आलेला कोवळा गंज रॉकेल आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने, लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने काढा. नंतर भुकटी पूर्ण पुसा, नाही तर कॅरेज तिला पॉलिश पेपरसारखी बेडवर फिरवील. पॉलिश पेपर लावूच नका. व्हाइस, पान्हे, जुन्या कानशी यांचा जुना गंज इलेक्ट्रोलिसिसने निघतो : प्लॅस्टिकच्या बादलीत लिटरला १५ ग्रॅम धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर, जॉब ऋण टोकाला, एमएसची पट्टी धन टोकाला, आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. धन टोकाला स्टेनलेस लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. अ‍ॅल्युमिनियमचे किंवा जस्त चढवलेले भाग आत टाकू नका. बाहेर काढलेला जॉब लगेच धुऊन, उन्हात किंवा हेअर ड्रायरने सुकवून तेल लावा. दहा मिनिटे तसाच ठेवला तर पुन्हा पिवळा पडतो.